व्हिएन्नातील संध्याकाळ



चालकांनी आम्हांस विषय दिला तो 'परदेशातील आमचे दिवस' असा. आम्ही दिवसांऐवजी संध्याकाळ निवडली. का, ते बोलता बोलता कळेलच. वसंत व्याख्यानमालेत परदेशप्रवासाचे व्याख्यान हे ठरलेलेच असते. वक्ता पंधरा दिवसांत सात देश पाहून येतो, तेथील रस्ते किती स्वच्छ आणि माणसे किती शिस्तीची हे सांगतो, आणि आपण घरी जाताना आपल्या गटारांकडे जरा जास्त रागाने पाहतो. तसले व्याख्यान आमच्याच्याने होणार नाही. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतल्या एका पुस्तकांच्या कपाटाने केले. तीस वर्षे यंत्रमाग कामगारांत गेली. त्या कामगारांची माहिती नीट लिहून काढावी, एवढ्या कामासाठी तेथील एका संस्थेने आम्हांस बोलावले, आणि सप्टेंबर २०२३ पासून जुलै २०२४ पर्यंत अकरा महिने आम्ही ऑस्ट्रियाच्या राजधानीत, व्हिएन्ना शहरात, भाड्याच्या एका खोलीत राहिलो. पाहुणे म्हणून नव्हे, आणि घरचे म्हणूनही नव्हे. अशी माणसे त्या शहरात थोडीथोडकी नाहीत. मतदानाच्या वयाला पोहोचलेल्या रहिवाशांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना तेथील नागरिकत्व नसल्यामुळे देशाच्या निवडणुकीत मत नाही. त्या तिसऱ्या हिश्शात आम्ही अकरा महिने होतो.

आमची खोली ओटाक्रिंग या विभागात होती. शहराचे तेवीस विभाग. त्यांतला हा सोळावा, जुना कामगारांचा. घराजवळच ब्रुननमार्क्ट नावाचा लांबच्या लांब भाजीबाजार आहे. तेथे वांगी, मिरच्या आणि कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसणारे लोक बहुतेक तुर्कस्तानातले, बाल्कन देशांतले किंवा सीरियातले. तूरडाळ मात्र दुसऱ्या बाजारातून आणावी लागे. प्रेशर कुकरच्या शिट्टीने पहिल्याच आठवड्यात शेजारच्या वृद्ध बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना वाटले, आग लागल्याची सूचना देणारे यंत्र वाजते आहे. त्यांना वाटीभर वरण दिले. तेव्हापासून शिट्टी झाली की त्या भिंतीवर हलकेच दोनदा ठोकीत. रात्री दहानंतर मात्र कुकर बंद, कारण दहानंतर आवाज करायचा नाही हा तेथला कायदाच. पाणी नळाचेच पितात, आणि का पिऊ नये? आल्प्स पर्वतातील झऱ्यांचे पाणी १८७३ सालापासून नळाने शहरात येते आहे.

दळणवळणाची गोष्ट आपल्याला रुचेल. शहरातील ट्राम, बस, भुयारी रेल्वे या साऱ्यांचा वर्षाचा पास २०१२ पासून २०२५ अखेरपर्यंत ३६५ युरोंना मिळे. म्हणजे रोजचा एक युरो. नंतर तो महाग झाला. आमच्या बाजूने जाणारी दोन क्रमांकाची ट्राम नगरमंदिरे आणि ऑपेरा यांच्यावरून पुढे जाते, आणि तिच्या कपाळावर शेवटच्या थांब्याचे नाव लिहिलेले असते : फ्रीडरिख एंगेल्स चौक. आमच्यासारख्याला ती ट्राम थांबताना पाहूनच बरे वाटे. आत बसलेल्यांपैकी कोणाला एंगेल्सची आठवण होत असेल असे दिसले नाही. पण ट्राम वेळेवर येई.

आता संध्याकाळ. डिसेंबरात तेथे चार वाजता अंधार पडतो. आठवड्याचे कामाचे तास कायद्याने १९७५ पासून चाळीस, आणि अनेक उद्योगांतील करारांनी त्याहूनही कमी. रविवारी दुकाने बंद. वर्षाला पाच आठवड्यांची भरपगारी रजा. म्हणजे नोकरीपेशाच्या माणसापुढे रोज एक लांबलचक काळोखी संध्याकाळ मोकळी उभी असते. हिचे काय करायचे, हा प्रश्न त्या शहराने शंभर-सव्वाशे वर्षे फार गांभीर्याने हाताळलेला आहे. आम्हांस त्या शहराचे कौतुक वाटले ते याचे. राजवाड्यांचे नव्हे.

आम्ही जर्मन शिकण्यास जात असू ती जागाच पाहा. ओटाक्रिंगमध्ये 'फोल्क्सहाइम' म्हणजे लोकगृह नावाची संस्था १९०१ साली निघाली आणि १९०५ साली तिने आपली इमारत बांधली. दिवसभर कारखान्यात राबलेल्या माणसाने संध्याकाळी येऊन पदार्थविज्ञान, तत्त्वज्ञान, शरीरशास्त्र शिकावे, आणि तेही खऱ्या प्राध्यापकांकडून, यासाठी बांधलेली ती इमारत. आजही तेथे वर्ग चालतात. आम्ही पहिल्या दिवशी जिना चढताना पायऱ्यांच्या झिजलेल्या कडा पाहिल्या. सातवी पास माणसाला विद्यापीठाची पायरी चढताना जो संकोच वाटतो तो तेथे वाटला नाही.

आमचा वर्ग सकाळचा, दहा ते बारा. त्यात सीरियातला एक न्हावी होता, दोन तुर्की गृहिणी होत्या, आणि एक बोस्नियातली बाई होती. आपण तिला बोस्नियाची बाई म्हणू. १९९२ च्या युद्धात ती तरुणपणी पळून आली आणि तेथेच राहिली. जर्मन बोलते फडाफडा. लिहिता येत नाही म्हणून वर्गात. तिचे काम कचेऱ्यांची झाडलोट. पहाटे पाच ते आठ एक पाळी आणि संध्याकाळी सहा ते नऊ दुसरी. साहेबलोक येण्याच्या आधी आणि गेल्यानंतर. मधल्या वेळेत ती जर्मन शिके. तिच्याविषयी पुढे बोलायचे आहे.

कॅफे हा तेथील दुसरा दिवाणखाना. एक पेला कॉफी मागवावी, चांदीसारख्या तबकात कॉफीबरोबर पाण्याचा पेला येतो, लाकडी दांडीत अडकवलेली वर्तमानपत्रे घ्यावीत आणि तीन तास बसावे. कोणी उठ म्हणत नाही. हा थाट कोठून आला असेल? जुन्या व्हिएन्नात घरे इतकी कोंदट आणि गर्दीची होती की उबेला बसण्यासाठी बाहेरची जागाच हवी असे. तेथे 'बेटगेअर' नावाची माणसांची एक जातच होती. खोली नव्हे, नुसता बिछाना भाड्याने घ्यायचा, आणि तोही ठरावीक तासांपुरता. रात्रपाळीवाला उठून गेला की दिवसपाळीवाला त्याच उबदार गादीवर निजायचा. मुंबईत गिरणगावच्या गाळ्यांत ज्यांचे चुलते-मामे राहिले असतील त्यांना हे निराळे सांगायला नको.

या माणसांपैकी पुष्कळजण परदेशीच होते. व्हिएन्नाच्या दक्षिणेला वीनरबर्ग नावाची टेकडी आहे. तेथे विटांच्या प्रचंड भट्ट्या होत्या आणि बोहेमिया-मोराव्हियातून आलेले झेक मजूर तेथे राबत. व्हिक्टर आडलर नावाचा एक डॉक्टर १८८८ साली वेष पालटून तेथे शिरला आणि त्याने पाहिले ते छापले : मजुरी पैशात मिळतच नव्हती, पत्र्याचे बिल्ले मिळत, आणि ते बिल्ले भट्टीच्याच दुकानात चालत. माणसे भट्टीच्या कडेला नाहीतर एकेका खोलीत खेचाखेच करून निजत. ज्या काळात शहरातील रिंग रस्त्यावर एकामागून एक भव्य इमारती उठल्या, त्या काळात त्या टेकडीच्या विटांनीच हे शहर वाढले. संग्रहालयाच्या संगमरवरी जिन्यावर उभे राहिले की आम्हांस संगमरवराच्या आतली वीट आठवे. हा आमच्या धंद्याचा दोष म्हणा.

त्याच आडलरने पुढे पक्ष बांधला, वर्तमानपत्र काढले, आणि १ मे १८९० रोजी व्हिएन्नाचे कामगार प्राटर बागेत हजारोंनी चालत गेले. मागणी काय? आठ तास काम, आठ तास झोप, आठ तास आपले. हे शेवटचे आठ तास मिळाल्यावर त्यात काय भरायचे, याचा विचार त्या लोकांनी मिळण्याच्या आधीपासून केला होता, हे आम्हांस फार मोलाचे वाटते. डाव्हिड योझेफ बाख नावाचा एक पत्रकार त्यांच्यात होता. त्याने २९ डिसेंबर १९०५ रोजी, जेथे दरबारी लोक आणि सावकार बसत त्याच संगीतसभागृहात, कामगारांसाठी पहिली वाद्यमैफल घडवून आणली. सोपे काहीतरी ऐकवावे, बँड वाजवावा, असे त्याला वाटले नाही. कामगारांसमोर बेथोव्हन वाजला, आणि पुढे आंटोन फोन वेबर्नसारख्या अत्यंत कठीण संगीतकाराने या मैफली वर्षानुवर्षे चालवल्या. 'त्यांना काय समजणार' हे वाक्य आपण गावोगाव ऐकतो. ते वाक्य त्यांनी ऐकून घेतले नाही, एवढेच.

मग १९१९ पासून महानगरपालिकाच कामगारांच्या हाती आली. हूगो ब्राइटनर या अर्थप्रमुखाने १९२३ साली घरबांधणीचा कर बसवला. लहान घराला नाममात्र आणि हवेलीला भरमसाट. त्या पैशातून दहा-बारा वर्षांत साठ हजारांवर घरे झाली. आम्ही एका रविवारी भुयारी रेल्वेने हाइलिगेनश्टाट स्थानकात उतरलो. समोर कार्ल मार्क्स होफ. एक किलोमीटरहून लांब अशी ती चाळ. चाळच म्हणू या, पण तिच्यात १,३८२ घरे, आणि जमिनीचा थोडासाच भाग बांधलेला, बाकी अंगणे नि झाडे. १९३० साली ती पुरी झाली. धुण्याच्या मोठ्या खोल्या, न्हाणीघरे, बालवाड्या, वाचनालय आतच. अशा घरांच्या भिंतींवर लाल अक्षरांत कोरलेले असते की हे घर महानगरपालिकेने अमुक वर्षी घरबांधणीच्या करातून बांधले. मंत्र्याचे नाव नाही, कोनशिलेवर हारतुरे नाहीत. पैसा कोणाचा तेवढे सांगितले आहे. फेब्रुवारी १९३४ मध्ये डोलफुसच्या सरकारने याच घरांवर तोफा लावल्या. पक्ष, संघटना बंद झाल्या आणि कामगारांच्या मैफलीही त्याच वर्षी संपल्या. बाख पुढे लंडनला गेला आणि १९४७ साली तेथेच, परदेशी म्हणून, वारला.

असो. ऑपेराकडे वळू.

व्हिएन्नाचे सरकारी ऑपेरागृह १८६९ चे. मार्च १९४५ च्या बाँबफेकीत ते जळाले आणि १९५५ च्या नोव्हेंबरात पुन्हा उघडले. चांगल्या खुर्चीला दोनशे युरोंहून अधिक पडतात. पण तेथे चारशेवर माणसांना उभे राहण्याची जागा आहे आणि तिचे तिकीट वीस युरोंच्या आत. बरे, ही जागा कोठे? खांबाआड नव्हे. तळमजल्यावर, पूर्वी जेथे बादशहाचा कक्ष होता त्याच्या अगदी खाली, रंगमंचाच्या समोरासमोर. प्रयोगापूर्वी रांग लावायची, आत गेल्यावर आपल्यापुढच्या कठड्याला गळ्यातला रुमाल बांधायचा, आणि खुशाल बाहेर जाऊन काही खाऊन यायचे. तो रुमाल म्हणजे तुमची जागा. कोणी सोडत नाही. आमच्याकडे सोलापुरी पंचा होता. आम्ही तो बांधला. शेजारचे वृद्ध गृहस्थ त्याचा पोत बोटांनी तपासून म्हणाले, सूत चांगले आहे. त्यांनी कापडगिरणीत नोकरी केली होती. चाळीस वर्षे ते याच जागेवर उभे राहून ऐकत आले होते, आणि गायिकेचा सूर किंचित घसरला की त्यांचा चेहरा असा होई की जणू मागाचा धागा तुटला.

आम्ही पाहिले ते पुच्चीनीचे 'ला बोएम'. १८९६ चे नाटक. या रंगमंचावर झेफिरेल्लीने १९६३ साली जसे मांडले तसेच अजून मांडतात. पुढच्या कठड्यावर लहान पडद्यावर गाण्याचे भाषांतर उमटते, त्यामुळे अडत नाही. कथा पॅरिसमधल्या गरीब कवी-चित्रकारांची आणि मिमी नावाच्या मुलीची. रसिक तिला प्रेयसी म्हणतात. आम्हांस ती पहिल्याच अंकात कामगार दिसली : कापडावर रेशमाची फुले भरते, एकटी माळ्यावर राहते, आणि जिना चढली की तिला धाप लागते. ही धाप आम्ही सूत उडणाऱ्या कारखान्यांत पुष्कळ ऐकली आहे. ती शेवटच्या अंकात कशाने मरणार हे आम्हांस भाषांतर न वाचताच कळले होते.

पण मनात रुतून बसला तो तिसऱ्या अंकाचा आरंभ. पहाट आहे, बर्फ पडते आहे, शहराच्या नाक्याचे फाटक बंद आहे आणि जकातीचा शिपाई शेकोटीपाशी पेंगतो आहे. बाहेर झाडूवाले थंडीत पाय आपटीत उभे आहेत आणि ओरडत आहेत, फाटक उघडा. उघडते, ते आत जातात, आणि नाटक पुढे नायक-नायिकेकडे वळते. दोन मिनिटांचा प्रकार. सभागृहात कोणी त्यांच्यासाठी टाळी वाजवली नाही, वाजवण्याची रीतही नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही हे बोस्नियाच्या बाईला सांगितले. ती म्हणाली, "बत्तीस वर्षे त्या इमारतीसमोरून ट्रामने जाते आहे. आत गेले नाही." आम्ही म्हटले, तिकीट स्वस्त आहे. तिने वहीत एक ओळ लिहून पुरी केली आणि मग म्हणाली, "तिकिटाचे कोण विचारतो? प्रयोग सातला सुरू होतो ना?"

श्रोतेहो, अकरा महिन्यांत आम्ही पुष्कळ पुस्तके चाळली, पण या प्रश्नाएवढे कोणत्याही पुस्तकाने आम्हांस शिकवले नाही. त्या शहराने तिकीट स्वस्त केले. नुसते स्वस्त नव्हे, २००३ पासून तेथे गरिबांसाठी 'संस्कृतीचा पास' आहे. ज्याचे उत्पन्न अगदी तुटपुंजे त्याला तो दाखवून नाटकगृहांत, संग्रहालयांत फुकट प्रवेश. फोल्क्सथिएटर हे नाटकगृह १९५४ पासून आपली नाटके घेऊन लांबच्या कामगारवस्त्यांतील सभागृहांत जाते. शहराचे संग्रहालय डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा उघडले तेव्हा त्याच्या कायमच्या दालनांना तिकीटच ठेवले नाही. आम्ही सहा वेळा गेलो. हे सारे खरे, आणि करणाऱ्यांचे आम्ही ऋणी आहोत. पण संध्याकाळी सहा ते नऊ ज्याला दुसऱ्याची फरशी पुसायची आहे, त्याला फुकट तिकीट देऊन काय उपयोग? आठ तास आपले, ही मागणी जिंकली गेली. पण ते आठ तास दिवसाच्या कोणत्या भागात, हे झाडूवालीच्या बाबतीत ठरायचे राहूनच गेले. तिचेही तास मोजले तर सहाच भरतात. दिवस मात्र पहाटे चारला सुरू होऊन रात्री दहाला संपतो, आणि मधल्या मोकळ्या दुपारी ऑपेरा बंद असतो.

यावर तेथील कामगार संघटनांची मागणी आहे की झाडलोट दिवसा व्हावी, सगळ्यांच्या देखत. वरवर साधी गोष्ट. पण कचेरीतल्या सभ्य माणसांना झाडू डोळ्यांसमोर नको असतो, म्हणून ती अवघड होते. येथे हसण्यासारखे काही नाही. आत्ता या मंडपात डॉक्टर आहेत, वकील आहेत, शिक्षक आहेत, आणि फार आनंदाची गोष्ट आहे. आमच्या यंत्रमागाच्या पेठेतून किती आले आहेत? त्यांची पाळी बारा तासांची. रात्रपाळीचे आत्ता मागावर आहेत आणि दिवसपाळीचे जेवून आडवे झाले आहेत. व्याख्यानाला प्रवेश मात्र फुकट आहे.

परदेशी कामगाराविषयी तेथे एकच एक सूर नाही. तुर्कस्तानाशी १९६४ साली आणि युगोस्लाव्हियाशी १९६६ साली करार करून ऑस्ट्रियाने मजूर मागवले. ते काही वर्षांनी परत जातील अशी समजूत होती. १९७३ साली व्हिएन्नात एक भित्तिपत्रक लागले. त्यात धिप्पाड परदेशी मजूर आणि त्याच्याकडे मान वर करून पाहणारा लहान ऑस्ट्रियन मुलगा. दोघांचे आडनाव एकच, कोलारिच. आणि मूल विचारते की मग तुलाच का शिवी देतात? व्हिएन्नाच्या टेलिफोनच्या यादीत झेक आणि क्रोएशियन आडनावे किती, हे ज्याला माहीत आहे त्याला तो टोमणा बरोबर लागतो. तरीही २००६ पर्यंत युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला महानगरपालिकेच्या घरासाठी साधारणपणे अर्जच करता येत नसे. भिंतीवर लाल अक्षरांत कराचा उल्लेख आहे, आणि कर तर परदेशीही देतो.

एका ठिकाणी मात्र दार उघडे आहे. ऑस्ट्रियात कामगार मंडळ म्हणून कायद्याने स्थापलेली संस्था १९२० पासून आहे. बहुतेक प्रत्येक नोकरदार तिचा सभासद, वर्गणी पगाराच्या अर्ध्या टक्क्याची, आणि मालकाशी तंटा झाला की तिचा वकील तुमच्या बाजूने उभा. तिच्या निवडणुकीत परदेशी कामगारालाही मत आहे. उमेदवार मात्र होता येत नसे. युरोपीय न्यायालयाने २००३ साली त्यावर बोट ठेवले आणि २००६ पासून तीही बंदी गेली. एप्रिल २०२४ मध्ये व्हिएन्नात ही निवडणूक झाली. बोस्नियाच्या बाईने वर्गात आपले मतपत्र आणून सगळ्यांना दाखवले. बत्तीस वर्षे ज्या देशात काढली तेथे तिला हे एवढेच मत. कोणाला दिले ते तिने सांगितले नाही. आम्ही युनियनवाले असल्यामुळे विचारण्याचा मोह फार झाला.

कलासंग्रहालयाविषयी एक शब्द सांगून पुरे करतो. तेथे ब्रॉयगल या फ्लेमिश चित्रकाराची बारा-एक चित्रे एका दालनात आहेत. इतकी एकत्र दुसरीकडे कोठे नाहीत. त्यांतले 'शेतकऱ्यांचे लग्न' पाहावे. खळ्यात पंगत बसली आहे, आणि दोन गडी दाराची फळी काढून तिच्यावर खिरीच्या ताटल्या वाहून आणीत आहेत. एकाच्या टोपीत चमचा खोचलेला. पुढे एक पोर बोटांनी ताटली चाटते आहे. नवरी मख्ख बसली आहे आणि नवरा कोणता यावर विद्वानांत वाद आहे. वाढप्यांविषयी वाद नाही. चित्राच्या अगदी पुढ्यात, सर्वांत मोठे, तेच आहेत. त्या दालनात आम्ही पुष्कळ रविवार काढले. रविवार, कारण तो एकच दिवस त्या बाईलाही मोकळा असे. ती दोनदा आली. तिने पाहिले ते वाढप्याचे हात. म्हणाली, फळी जड आहे, याने ती मनगटावर घ्यायला नको होती.

जूनमध्ये आमचे निघण्याचे दिवस आले. वसंतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर ऑपेरागृहाच्या बाहेरच्या चौकात एक मोठा पडदा लावतात आणि आत चाललेला प्रयोग बाहेर फुकट दाखवतात. घडीच्या खुर्च्या मांडलेल्या असतात. त्या संध्याकाळी आम्ही एका खुर्चीवर आपला पंचा घालून ठेवला आणि शेजारच्या खुर्चीवर बसलो. साडेनवाला शेवटच्या अंकाची तयारी चालली असताना ती कामावरून थेट आली. पायांत कामाचेच बूट, पिशवीत सकाळची वही. पंचा उचलून तिने नीट घडी केला, मांडीवर ठेवला आणि बसली. अंक संपला, लोक उठून टाळ्या वाजवू लागले, तीही वाजवू लागली. मग तिने विचारले, "आधीचे अंक किती वाजता झाले?"

"सातपासून," आम्ही म्हणालो.

"सातला मी चौथ्या मजल्यावर होते," ती म्हणाली, "तेथून हा पडदा दिसतो. आवाज येत नाही."